उजवं फूल

गोठिवलीच्या गावदेवीला आता संगमरवर आहे,
मागे टॉवर, पुढे रिक्षा स्टँड
आणि डोक्यावर रात्रभर निळा दिवा.
दगड मात्र तोच.
गुडघ्याएवढा, शेंदराने फुगलेला.

माझा बाबा, हसुराम मढवी, चाळीस वर्षं
त्या दगडाला फुलं चिकटवत आला.
तगरीची दोन, तांब्यात बुडवून,
एक उजव्या अंगाला, एक डाव्या.
उजवं आधी पडलं तर हो.
डावं पडलं तर निमूट घरी जायचं.

लग्नं अशी ठरली, होड्या अशा निघाल्या खाडीत.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कुठल्या बिल्डरला द्यायचा
तेही तगरीनेच सांगितलं.
बिल्डर पळाला.
फुलाला कुणी बोल लावला नाही.

मीही त्या दगडाचाच निकाल.
आई दोन दिवस अडलेली, मी पोटात आडवी.
भगत म्हणाला, वाशीच्या दवाखान्यात न्याल तर बाई कोपेल.
म्हातारे म्हणाले, कौल लावा.
उजवं पडलं.
टेम्पो आला. गेली एक, परत आल्या दोघी.
अजून लग्नाकार्यात मला पुढे ओढून दाखवतात:
ही बघा, देवीनं हो म्हटलेली.

मी कोपरखैरण्याच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते.
फळ्यावर दोन पाकळ्या ओल्या करून लावते,
पोरं पेनांच्या टोपणांची पैज लावतात.
ज्याच्या मागे पाणी कमी, ते आधी सुटतं.
एवढंच. बाकी काही नाही.
या एका वाक्यावर मी बाबाशी वीस वर्षं भांडले.
तो ऐकून घ्यायचा,
तंबाखू मळत,
जणू मी दुसऱ्याच कुणाच्या देवाबद्दल बोलतेय.

गेल्या माघात त्याचा मोतीबिंदू काढला.
डोळ्यावर हिरवी पट्टी, तोंड भिंतीकडे,
आणि एकदम म्हणाला,
"तुज्या टायमाला उजवा फूल मी
धोतराला पुसून लावला व्हता."

तव्यावरची भाकरी करपली.
"मंग देवीला इचारलास काय?"
"काय इचारायचा? मना ठावं व्हता काय पायजे.
पन हसुरामचा कोन आयकनार?
देवीचा आयकतात."

मी हसले. खूप हसले.
वीस वर्षांचं भांडण जिंकले होते
आणि समोरचा गडी पहिल्या दिवसापासून
माझ्याच बाजूने खेळत होता.
शेजारी सांगावंसं वाटलं.
आईच्या फोटोला सांगितलंसुद्धा.

मग रात्री, पंख्याखाली, झोप लागता लागता
गोमीबाय आठवली.

तिचा पोरगा, सात वर्षांचा, कावीळ झालेली.
माझ्यानंतर दोनच पावसाळे.
तोच दगड, तोच सवाल, तेच वाशी.
डावं पडलं.

सकाळी चहा देताना विचारलं.
बाबाने बशी खाली ठेवली.
पुष्कळ वेळ गेला, खाली भाजीवाला येऊन गेला.
"त्या दिसाला," तो म्हणाला,
"मी दोनी फुला वली केली.
नेमानं."

नेमानं.
हा शब्द मी कुठल्या फळ्यावर लिहू?
त्याची लबाडी मी आहे,
पाच फूट दोन इंच, पगारदार.
त्याचा प्रामाणिकपणा कुठे पुरलाय
तिथे आता सेक्टरचं पार्किंग आहे.

गोमीबाय दर मंगळवारी येते.
देवळातून थेट आमच्याकडे, हातात प्रसादाचा द्रोण,
बाबाच्या पायाशी वाकते.
तो पाय खुर्चीखाली ओढून घेतो.
"नको बाय, नको."
ती जिन्यात बायकांना सांगते,
बगा, देवीचा येवरा केला,
पन मानसाला गर्व नाय.

मी दारात उभी असते.
बोटांना खडू.
शंभरदा सिद्ध केलेलं सगळं ओठांवर,
आणि तिचा द्रोण मी दोन्ही हातांनी घेते.